सोलापुरातल्या महापालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांची तुलना कशी करायची

प्रश्न असा आलाय की आम्ही अक्कलकोट रोडला राहतो, घरात तेलुगू बोलतो, मुलगी जूनमध्ये पहिलीला जाणार. चालत जाण्याच्या अंतरावर महापालिकेची शाळा आहे, रिक्षाच्या अंतरावर जिल्हा परिषदेची एक आणि एका संस्थेची अनुदानित एक. तिन्हींतली चांगली कुठली हे कसं ठरवायचं, आणि शाळांचं सरकारी रँकिंग कुठं बघायला मिळतं का.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली, आधी द्विशिक्षकी शाळेवर, मग मुख्याध्यापक, शेवटी केंद्रप्रमुख. शाळेत जाऊन मुलांना खरंच काय येतं ते बघणं हेच काम होतं, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

रँकिंगचं आधी सांगतो. अमुक शाळेचा जिल्ह्यात कितवा नंबर हे सांगणारी भरवशाची यादी नाही. पेपरात ज्या सर्व्हेच्या बातम्या येतात त्यांचा उपयोग वेगळा आहे. प्रथम या संस्थेचा असर नावाचा सर्व्हे 2005 पासून होतो, चांगला आहे, मुलाच्या घरी जाऊन त्याला वाचायला देतात, वजाबाकी भागाकार घालतात, पण तो फक्त खेड्यांत होतो आणि तोही जिल्ह्यातली थोडी गावं निवडून. सोलापूर शहर त्यात येतच नाही. डिसेंबर 2024 ला परख या केंद्राच्या मूल्यमापन संस्थेचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं, तेही निवडक शाळांत. जिल्हा कुठं कमी पडतोय हे त्यातून कळतं, तुमच्या घराजवळची शाळा कशी आहे ते कळत नाही. त्यामुळं कुणी सर्व्हेचा दाखला देऊन आमची शाळा पहिली म्हणालं तर कुठला सर्व्हे एवढं विचारा.

शाळेगणिक माहिती मिळते ती यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर. प्रत्येक शाळेला 11 आकडी नंबर असतो, आपल्या जिल्ह्याचा 2730 ने सुरू होतो, बहुतेक शाळांच्या दर्शनी भिंतीवरच रंगवलेला असतो. त्यावरून इयत्तावार पट, शिक्षक किती, खोल्या किती, मुलींचं स्वच्छतागृह, ग्रंथालय, कॉम्प्युटर हे सगळं घरबसल्या बघता येतं. मात्र ही माहिती शाळेनंच भरलेली असते, आणि मुलांना काय येतं हे त्यात नसतं. तरी मी एक गोष्ट हमखास बघतो, मागच्या चार-पाच वर्षांचा पट. पहिलीला तीस मुलं आली आणि तीच बॅच चौथीत जाईपर्यंत सतरा राहिली असेल तर आईबापांनी मुलं का काढली ते त्या गल्लीत जाऊन विचारायचं. कधी कधी कारण साधं असतं, भाड्याची घरं बदलली, यंत्रमाग बंद पडला, काम संपलं. कधी कारण शाळेतच असतं.

विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाच्या आकड्यावर लगेच जाऊ नका. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यात पहिली ते पाचवीला 30 मुलांमागं एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला 35 मागं एक असं आहे. समजा एका शाळेत चार वर्ग, 38 मुलं आणि दोन शिक्षक. कागदावर 19 ला एक, एकदम भारी दिसतं. पण तिथं प्रत्येक शिक्षकाकडं एकाच वेळी दोन इयत्ता असतात, आणि त्यातला एक प्रशिक्षणाला नाहीतर निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. शेजारच्या शाळेत 32 ला एक असेल पण प्रत्येक वर्गाला स्वतःचा शिक्षक असेल तर मुलाच्या वाट्याला तिथं जास्त वेळ येऊ शकतो. म्हणून मुख्याध्यापकांना सरळ विचारायचं, पहिलीच्या वर्गाला स्वतंत्र शिक्षक आहे का, आणि मागच्या वर्षी त्या वर्गावर किती जण बदलले. पहिलीला एका वर्षात तीन शिक्षक झाले असतील तर ती मुलं दुसरीत अक्षरं चाचपडतच जातात, शिक्षक तिन्ही चांगले असले तरी. पहिलीचं वर्ष एकाच माणसाच्या हातात गेलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे आणि मी मुख्याध्यापकांशी यावरून भांडलोय सुद्धा.

आता निकाल. गेटवर फ्लेक्स असतो, शंभर टक्के निकाल, शिष्यवृत्तीत इतके, नवोदयला इतके. पोरांचं कौतुक आहेच, पण आकड्याच्या खालचा आकडा विचारायला शिका. समजा एका शाळेत शिष्यवृत्तीच्या वर्गाच्या पटावर 40 मुलं आणि फॉर्म भरला फक्त 9 जणांचा, त्यातली 6 पास, हे एक. दुसऱ्या शाळेत 40 पैकी 36 बसली आणि 13 पास झाली. फ्लेक्सवर पहिल्या शाळेचे 67 टक्के आणि दुसऱ्या शाळेचे 36 टक्के दिसतील, पण दुसऱ्या शाळेनं 36 मुलांना वर्षभर शिकवलंय आणि पहिल्या शाळेनं 31 जणांना वर्गात बसवून ठेवलंय. पहिल्या शाळेत तुमची मुलगी त्या नऊ जणांत असेलच याची खात्री काय?

दहावीचंही तेच, तुम्हाला आत्ता लागणार नाही पण अनुदानित संस्थेचं हायस्कूल असतं म्हणून सांगून ठेवतो. निकाल बघताना मागच्या वर्षीचा नववीचा पट शेजारी ठेवायचा. नववीला 80 होते आणि दहावीला बसले 62, तर उरलेले 18 गेले कुठं? काही नववीला नापास करून थांबवलेले असतात, काहींना 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितलेलं असतं. असं करून शंभर टक्के काढणाऱ्या शाळेपेक्षा सगळ्यांना बसवून 85 टक्के काढणारी शाळा मला कधीही चालेल.

आणि निकाल सांगताना कुणीच सांगत नाही की त्या शाळेत मुलं येतात कुठल्या घरातून. ज्या घरात आईबाप शिकलेले, संध्याकाळी अभ्यासाला बसवणारे, वर ट्यूशन, तिथली मुलं कुठल्याही शाळेत बऱ्यापैकी वाचतील. त्यात शाळेची कमाई किती ते वेगळं काढावं लागतं. याउलट विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीकडच्या एखाद्या शाळेत आई दिवसभर विड्या वळते, पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला अधूनमधून घरी राहते, किंवा कारखान्याजवळच्या गावातल्या शाळेत दिवाळीनंतर ऊसतोडीच्या कोप्यांवरची मुलं येतात आणि मार्च-एप्रिलला निघून जातात. अशी मुलं पटावर घेतल्यावर शाळेची सरासरी खाली येणारच. तिथं तिसरीच्या मुलांनी गोष्ट वाचून दाखवली तर त्या शिक्षकाचं काम फार मोठं आहे. म्हणून मूल कुठून निघालं आणि कुठं पोचलं हे अंतर बघायचं.

हे अंतर बघायचं कसं, तर वर्गात जाऊन. पालक म्हणून प्रवेशाआधी शाळा बघायची आहे असं सांगितलं तर चांगले मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत. प्रवेशोत्सव, गॅदरिंग, 26 जानेवारी हे दिवस टाळा, त्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसातली हजेरी बघूनही काही ठरवू नका, त्या आठवड्यात शहरात सगळीकडं वर्ग रिकामेच असतात. साधा मंगळवार-बुधवार धरा आणि मधल्या सुट्टीनंतर जा, दुपारच्या तासाला शाळा खरी कळते.

पहिलीत प्रवेश असला तरी तुम्ही तिसरीचा वर्ग बघा. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या कार्यक्रमात तिसरीच्या शेवटी मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत असं ठरवलेलं आहे, म्हणजे पहिली-दुसरीत शाळेनं काय केलं त्याची पावती तिसरीत मिळते. दुसरीच्या पुस्तकातला एखादा न शिकवलेला उतारा किंवा बालभारतीच्या 'किशोर' मासिकाच्या जुन्या अंकातली छोटी गोष्ट घ्या. पुढं बसलेला चुणचुणीत मुलगा स्वतःहून हात वर करेल, त्याला शाबासकी द्या आणि मागच्या रांगेतल्या कुणाला तरी गोडीत विचारा, मला वाचून दाखवतोस का. दमदाटी नको, परीक्षा घेतोय असं वाटू देऊ नका. त्या मुलानं अडखळत का होईना चार ओळी वाचल्या आणि गोष्टीत काय झालं ते स्वतःच्या भाषेत सांगितलं तर शाळा चांगली चाललीय. आणि त्या वेळी शिक्षकाकडं लक्ष ठेवा. काही जण लगेच म्हणतात, 'त्याला नाही येत हो, तो तसलाच आहे, हिला विचारा.' काही जण म्हणतात, 'याला जोडाक्षरं अजून जमत नाहीत, बाकी वाचतो, मागच्या महिन्यापासून त्याच्यावर काम चालू आहे.' या दुसऱ्या शिक्षकाला प्रत्येक मूल कुठं अडकलंय ते माहीत आहे. एवढ्या एका उत्तरावर मी शाळेबद्दल निम्मं मत बनवायचो.

गणिताचं तसंच एक साधं आहे. 52 वजा 17 घाला. बरीच मुलं 45 लिहितात, कारण एककात 2 मधून 7 जात नाहीत म्हणून ती 7 मधून 2 काढतात आणि मोकळी होतात. ही चूक सगळीकडं होते, ती झाली म्हणून शाळा वाईट नाही. पण त्यानंतर शिक्षक काय करतात ते बघा. नुसती लाल फुली मारून 35 लिहून देतात, की दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या पुढं ठेवून एक गठ्ठा सोडायला लावतात? गणित पेटी महाराष्ट्रातल्या भरपूर शाळांत पोचलीय, बऱ्याच ठिकाणी ती कपाटात कुलूपबंद असते कारण मुलं सामान हरवतात. पेटी उघडी आणि काड्या मळलेल्या दिसल्या की समजायचं वापरतात.

मग वह्या मागायच्या, आणि एक दाखवलेली वही न बघता आठ-दहा एकदम. मराठी निबंधाच्या सगळ्या वह्यांत 'माझी शाळा' शब्दाला शब्द सारखी असेल, एवढंच काय शुद्धलेखनाची चूकसुद्धा सगळ्यांची एकाच जागी असेल, तर मुलांनी फळ्यावरून उतरवलंय, लिहिलेलं नाही. याउलट एका वहीत अक्षर वाकडं, ओळी चारच, पण त्यात मुलगी लिहिते की आमच्या घराच्या मागं खटखट आवाज येतो आणि बाबा रात्री पण यंत्रमागावर असतात, ती वही माझ्या मते जास्त मोलाची. तिथं शिक्षकांनी मुलीला स्वतःचं लिहू दिलंय. तपासलेल्या चुकीखाली मुलीनं परत बरोबर करून लिहिलंय का, तेही बघा. नुसती सही आणि तारीख म्हणजे वही तपासली, मुलगी तिथंच राहिली.

वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात रोजचा पट आणि हजर लिहिलेलं असतं. पट 34, हजर 21 असं दिसलं तर न आलेल्या तेरांचं काय करता हे विचारा. चांगल्या शाळेत दुसऱ्या दिवशी घरी फोन जातो, नाहीतर शेजारच्या पोराला पाठवतात, आणि शिक्षक आईला नावानिशी ओळखतात. पोषण आहाराच्या वेळी थांबता आलं तर थांबा, जेवण कसं आहे ते तर कळतंच, शिवाय मोठी मुलं लहानांना कशी वागवतात तेही कळतं.

इमारतीबद्दल थोडक्यात. रंगवलेल्या भिंती, बोलका व्हरांडा, स्मार्ट टीव्ही यांनी मुलांना छान वाटतं, पण त्यावर शाळा ठरवू नका. सोलापुरात मला दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, पाणी आणि पत्रा. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा नळ न येणाऱ्या दिवशी मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी असतं का हे बघायचं, टाकी आहे का, ती भरतं कोण. पाणी नसेल तर मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि सहावी-सातवीत शाळा चुकवायला लागतात. आणि खोलीवर पत्रा असेल तर फेब्रुवारीनंतर दुपारी त्या वर्गात बसवत नाही, सकाळची शाळा सुरू होईपर्यंत मुलं नुसती पेंगतात. पंखे चालू आहेत का, लाईट बिल थकून मीटर तोडलंय का, हे विचारायला लाजू नका.

तुमच्या घरात तेलुगू आहे हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि पालक तो विचारातच घेत नाहीत. आपल्या शहरात महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्याही आहेत, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. पूर्व भागातली तेलुगू घरं हल्ली बहुतेक मराठी नाहीतर इंग्रजी माध्यम घेतात, पुढं कॉलेज आणि नोकरीचं बघून, ते समजण्यासारखं आहे. गल्लीत खेळून मुलीला मराठी बोलता येत असेल तर मराठी माध्यम काही अवघड नाही. पण पहिलीच्या शिक्षकांना एवढं विचारा की घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांना सुरुवातीला कसं घेता. 'इथं मराठीतच बोलायचं अशी सक्ती केलीय' असं उत्तर आलं तर मी दोनदा विचार करेन. अशी मुलगी पहिले तीन-चार महिने गप्प बसते आणि शिक्षकांना वाटतं हिला येत नाही. 'मला थोडं तेलुगू कळतं, नाहीतर वर्गातल्या दुसऱ्या पोरीला सांगायला लावतो, गाणी-गोष्टी दोन्हीत घेतो' असं म्हणणारे सर किंवा बाई मिळाल्या तर इमारत पत्र्याची असली तरी तिथं घाला.

सेमी इंग्रजीचं, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, पण तसंच. बोर्डावर सेमी लिहिलंय म्हणून भुलू नका. गणित शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला इंग्रजीतून गणित समजावून सांगता येतं का, की पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठीत आणि मुलं इंग्रजी वाक्य पाठ करतायत? तिसरीतल्या मुलीला इंग्रजी पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण देऊन 'यात काय विचारलंय ते मराठीत सांग' म्हणा. सांगता आलं तर सेमी खरं.

मग महापालिका, जिल्हा परिषद की अनुदानित? यावर सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळवतात, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची कल्पना अशा छोट्या गावातल्या शाळेतून पुढं येते, आणि त्याच जिल्ह्यात पाचवीतल्या मुलांना वाचता न येणाऱ्या शाळाही मी बघितल्यात. मालक कोण यापेक्षा वर्गावर कोण आहे आणि मुख्याध्यापक लक्ष घालतात का यानं फरक पडतो. मालकामुळं फरक पडतो तो एवढाच की महापालिका आणि जिल्हा परिषदेत बदल्या होतात, म्हणजे आज आवडलेल्या बाई पुढच्या जूनला असतीलच असं नाही, आणि अनुदानित संस्थेत शिक्षक वर्षानुवर्षं तेच असतात, चांगले असले तर मुलांचं नशीब, नसले तर सुटका नाही. शिवाय अनुदानित शाळेत शासनाची फी नसली तरी कॉम्प्युटर, गॅदरिंग, युनिफॉर्म अशा नावानं वर्षाला काय घेतात ते आत्ताच विचारा आणि पावती देतात का तेही.

शाळा व्यवस्थापन समिती हा माझा आवडता विषय आहे. कायद्यानं या समितीत 75 टक्के सदस्य पालक पाहिजेत आणि निम्म्या महिला. नावं ऑफिसबाहेर फलकावर असतात. त्यातल्या एखाद्या आईला तिच्या घरी जाऊन भेटा, शेवटची मीटिंग कधी झाली आणि कशावर बोललात विचारा. 'सर सही न्यायला घरी येतात' असं ती म्हणाली तर काय ते समजून घ्या. 'मागच्या महिन्यात टाकीचं बोललो, मग नगरसेवकाकडं गेलो' असं म्हणाली तर त्या शाळेत तुमच्या शब्दालाही किंमत राहील.

तुमच्या जागी मी असतो तर आधी चालत जाण्याच्या अंतरावरची महापालिकेची शाळा बघितली असती. पाच-सहा वर्षांच्या पोरीला रोज रिक्षात कोंबून नेण्यापेक्षा जवळची शाळा बरी, मैत्रिणी गल्लीतल्याच मिळतात, आजारी पडली तर दहा मिनिटांत घरी आणता येतं, आणि तुम्हालाही कधीही डोकावता येतं. तिथं तिसरीच्या मागच्या रांगेतलं मूल वाचत असेल, पहिलीला स्वतंत्र शिक्षक असेल आणि तेलुगूबद्दल उत्तर समंजस मिळालं तर पुढं बघायची गरज नाही. यातल्या दोन गोष्टी नसतील तर बाकीच्या दोन शाळांना याच पद्धतीनं जाऊन या, तिन्हीकडं तोच उतारा आणि तीच वजाबाकी घाला म्हणजे तुलना करता येईल. उन्हाळी सुट्टी लागायच्या आत जा, एप्रिलमध्ये वर्षभराचं शिकून झालेलं असतं त्यामुळं मुलांना काय येतं ते नीट दिसतं. जून उजाडला की वर्गच नवे असतात आणि मग फक्त फ्लेक्स बघायला मिळतात. जाताना मुलीलाही घेऊन जा, ती कुठं रमते तेही बघा.